खाली नाव राहिलंय

त्या दोन कंपन्यांची नावं मी इथे लिहिणार नाही. त्यांची फुकट जाहिरात करायला जगभरातली पोरं आहेत, आणि एके काळी मीही त्यांतलीच एक होते, तेवढं पुरे. आमच्यासाठी एक ‘काळा’ होता आणि दुसरा ‘पांढरा’. टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेमचे दोन डबे, दोन्ही परदेशी, आणि एकाची सीडी दुसऱ्यात चालायची नाही. या शेवटच्या गोष्टीमुळेच सगळं झालं. कुठलीही सीडी कुठल्याही डब्यात चालली असती तर आमच्या वर्गात दोन पक्ष पडले नसते, आणि पक्ष पडले नसते तर मला लिहायला विषय मिळाला नसता. मी काळ्याच्या पक्षात होते. माझ्याकडे काळा नव्हता. पांढराही नव्हता. आमच्याकडे एक जुना टीव्ही होता, त्याचं आवाजाचं बटण तुटलेलं होतं आणि आवाज कमी करायला आई त्या भोकात काडेपेटीची काडी घालायची.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका लहान छापखान्यात मशीनवर होते. दिवसभर औषधाच्या बाटल्यांची लेबलं छापायची आणि जेवणाच्या सुट्टीत युनियनचं काम करायचं. मालकाला द्यायची निवेदनं, गेटवर वाटायची पत्रकं, सगळं त्यांच्याच हातचं. त्यामुळे डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत इतर कशाचीही टंचाई असली तरी कागदाची नव्हती. छपाईत वाया गेलेल्या लेबलांचे ताव, एका बाजूला खोकल्याच्या औषधाचं नाव तिरकं आणि फिकट उमटलेलं, दुसरी बाजू कोरी, असे गठ्ठेच्या गठ्ठे दिवाणाखाली असायचे. माझी गणितं, आईची वाण्याकडची यादी, सगळं त्या कोऱ्या बाजूवर. जेवणं झाली की आम्ही तिघं जमिनीवर पत्रकांच्या घड्या घालायला बसायचो. कागद दुमडायचा, घडीवरून स्टीलचा चमचा सर्रकन ओढायचा, पुढचा घ्यायचा. लहानपणचा आवाज म्हणून मला आधी तो चमचाच ऐकू येतो. भिंतीवर लावायची पत्रकं असली की आई मैद्याची खळ शिजवायची. खळीचं पातेलं आणि कुळथाच्या पिठल्याचं पातेलं अगदी सारखी होती. एकदा बाबा वाचता वाचता जेवायला बसले, भातावर हाताने वाढून घेतलं आणि दोन घास खाऊन म्हणाले, “आज मीठ कमी पडलंय गं.” आई शांतपणे म्हणाली, “आज पिठलं केलेलंच नाही.”

पत्रकांबाबत बाबांचे दोन नियम होते. पहिला, खाली नाव हवं. ‘एक हितचिंतक’, ‘समस्त कामगार’ असलं काही चालायचं नाही. लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव. “निनावी पत्रक म्हणजे पानाची पिंक,” ते म्हणायचे, “मारली आणि पळाला.” दुसरा नियम पोच घेण्याचा. निवेदन दिलं की त्याच्या दुसऱ्या प्रतीवर समोरच्याची सही आणायची, ‘मिळाले’ म्हणून. मी एकदा विचारलं होतं, सही केली म्हणजे मालकाने मान्य केलं का? बाबा म्हणाले, “छे. त्याला कळलं, एवढंच. आता कळलं नव्हतं असं त्याला म्हणता यायचं नाही.” अशा घरात वाढलेल्या मुलीचं नाव समता असणार आणि तिला शाळेत सगळे ‘ए मोर्चा’ म्हणून हाक मारणार, हे ओघाने आलंच.

शनिवारी बाबा ठाण्याला नौपाड्यात एका म्हाताऱ्या वकिलांकडे निवेदनं तपासून घ्यायला जायचे आणि मला बरोबर न्यायचे. त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी शेजारच्या पेंडसेकाकांच्या दुकानात बसायचे. पूर्वी ते घड्याळांचं दुकान होतं. मी पाहिलं तेव्हा अर्ध्या भागात घड्याळं आणि अर्ध्या भागात व्हिडिओ गेम होते. काउंटरवर एक काळा कायम जोडलेला असायचा. गिऱ्हाईक नसलं की पेंडसेकाका मला दहा मिनिटं खेळू द्यायचे आणि घड्याळवाले असल्यामुळे दहा म्हणजे दहाच. ती दहा मिनिटं मी आठवडाभर पुरवायचे. गाडी वळवताना हातातला रिमोट थरथरायचा (खेळायच्या त्या दोन मुठींच्या यंत्राला आम्ही रिमोटच म्हणायचो), आणि ती थरथर डोंबिवलीला घरी जाईपर्यंत तळव्यात राहायची. उरलेला वेळ कॅटलॉग. गुळगुळीत कागदाचे, परदेशी वासाचे. पुढच्या वर्षी कुठले खेळ येणार, कुठला फक्त काळ्यावर, कुठला फक्त पांढऱ्यावर, कोणाच्या डब्यात किती ताकद, मला सगळं पाठ होतं. दुकानात येणाऱ्या मोठ्या मुलांना पेंडसेकाका सांगायचे, “मला काय विचारता, हिला विचारा.” आणि मी सांगायचे. आयुष्यात माझं पहिलं भाषण मी त्या काउंटरपुढे केलं, काळ्याच्या बाजूने, आणि ते ऐकून एकाने पांढरा घेतला.

एका शनिवारी दुकानातल्या टीव्हीवर एका नव्या खेळाची झलक चालू होती. बर्फाचा डोंगर, लाल टोपीवाला एक आणि पिवळ्या टोपीवाली एक, दोघांच्या कमरेला एकच दोरी. एक पुढे चढतो, दुसरी पाय रोवून दोरी धरते. मग ती चढते आणि तो धरतो. गोळीबार नाही, शर्यत नाही, गुण नाहीत. मी इतका वेळ गप्प पाहत राहिले की पेंडसेकाका म्हणाले, “बरं वाटत नाहीये का?”

“हा काळ्यावर कधी येणार?”

“यायचा नाही. पांढऱ्याचाच आहे हा.”

“एकट्याने खेळता येतो?”

“नाही गं. दोन लागतात.”

“माझ्याकडे एकपण नाही,” मी म्हणाले. त्यांना वाटलं मी रिमोटबद्दल बोलतेय, आणि ते हसले.

खरं सांगायचं तर माझ्याकडे कोणीच नव्हतं. भावंड नाही. आई बालवाडीतून परस्पर महिला मंडळात जायची. मी गळ्यात किल्ली घालून यायचे, गार झालेली पोळी आणि साखरआंबा खायचे आणि संध्याकाळपर्यंत कॅटलॉग वाचायचे. सोसायटीतल्या मुलींना यात रस नव्हता, आणि ज्यांना होता त्या बी विंगच्या पोरांचा म्होरक्या चिन्मय मला बघितलं की ओरडायचा, “आला रे मोर्चा! सगळे आत व्हा!” आज मी वयाची तिशी ओलांडली आहे, सभांमधून बोलते, लोक टाळ्या वाजवतात, पण चार माणसं हसत उभी असलेली दिसली की अजूनही माझी पावलं नकळत हळू होतात.

दहावीच्या आधीच्या मे महिन्यात बी विंगमध्ये तेजस राहायला आला. माझ्याच वयाचा, किडकिडीत, केस नेहमी ओले. त्याच्या काकाने दुबईहून पांढरा आणलेला. आमच्या आणि त्यांच्या खिडक्यांच्या मध्ये इमारतीचा डक्ट होता, पाइप आणि कबुतरं असलेला, आणि त्यातून त्यांच्या घरातलं सगळं आमच्याकडे ऐकू यायचं. पहिल्याच दुपारी मी पोळीचा तुकडा हातात धरून थांबले. पेंडसेकाकांच्या दुकानात ऐकलेलं ते डोंगराचं संगीत, बासरीसारखं, डक्टमधून वर येत होतं. मागून चिन्मय आणि बाकीच्यांचा दंगा. “दोरी सोड ना भावा!” “अरे मेला, मेला तो!” मी वाट बघितली. मला खरोखर वाटत होतं की आपल्यालाही बोलावतील. नवीन मुलगा आहे, त्याला कोणीतरी सांगेल की ए विंगमध्ये एक मुलगी आहे, तिला यातलं सगळं माहीत आहे. चार दिवस वाट बघितली. पाचव्या दिवशी मी दिवाणाखालचा गठ्ठा ओढला.

ते पत्रक मला आजही जवळजवळ तोंडपाठ आहे. ‘मुलांनो, जागे व्हा! पांढरा डबा हा फसवणुकीचा डबा आहे. तो चांगले खेळ स्वतःकडे डांबून ठेवतो आणि आपल्यात फूट पाडतो.’ इथपर्यंत ठीक होतं. हे मी आजही म्हणेन आणि काळ्यालाही म्हणेन. पण मुद्दे संपले आणि राग उरला. म्हणून मी पुढे लिहिलं, ‘बी विंगमधला पांढऱ्याचा मालक तुम्हाला नुसतं बघायला बोलावतो. चांगला रिमोट स्वतः ठेवतो, तुमचा टर्न आला की वीज गेली म्हणून सांगतो, आणि तुम्ही गेल्यावर तुम्हाला हसतो. त्याच्या घरावर बहिष्कार टाका!’ मी त्याच्या घरी पाऊल ठेवलेलं नव्हतं. कार्बन पेपर घालून, अक्षर मुद्दाम उभं काढून मी बारा प्रती केल्या. खाली लिहिलं, ‘एक हितचिंतक’. हे लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही, याची मला अजून लाज वाटते. आई घरी यायच्या आत मी खळ शिजवली आणि दुपारच्या सामसुमीत दोन्ही विंगच्या लिफ्टमध्ये, बी विंगच्या जिन्यात, पाण्याच्या पंपाच्या खोलीवर पत्रकं चिकटवून आले.

शब्दांनी काय होतं हे मी त्या आठवड्यात शिकले. पोरांना आधी मजा वाटली. मग कोणालातरी आठवलं की एकदा खरंच वीज गेली होती. मग चिन्मयला आठवलं की त्याच्या हातातल्या रिमोटचं एक बटण अडकत होतं. चार दिवसांत डक्टमधला दंगा थांबला. सगळे पुन्हा खाली क्रिकेट खेळायला लागले आणि तेजस बॅटिंगला आला की कोणीतरी म्हणायचं, “वीज गेली, वीज गेली!” तो नंतर खाली उतरेनासा झाला. डक्टमधून फक्त संगीत ऐकू यायचं, आणि मधूनमधून दोरी तुटल्याचा आवाज, सुतळी ताणून तोडल्यासारखा. पुन्हा संगीत, पुन्हा तो आवाज. मी जिंकले होते. बाबांच्या युनियनला इतक्या लवकर कधी यश आलं नव्हतं.

मग एका दुपारी तो पंपाच्या खोलीपाशी भेटला. मी किल्ली काढत होते.

“तू ए विंगची ना? ती, मोर्चा?”

“समता,” मी म्हणाले.

“सॉरी. समता. तुला गेम खेळता येतात, असं वॉचमन म्हणाला.” मग जमिनीकडे बघत म्हणाला, “दोरी खेळशील? दोन माणसं लागतात. आई ट्राय करते, पण ती सारखी दरीत बघते आणि ओरडते.”

मी गेले. तत्त्व वगैरे काही आड आलं नाही. त्याची आई हॉस्पिटलमधून ड्यूटी संपवून येऊन आतल्या खोलीत झोपलेली होती, म्हणून आम्ही आवाज बारीक केला. टीव्हीपुढच्या सतरंजीवर एक रिमोट उशीवर ठेवलेला होता आणि दुसरा खाली, लादीवर, सेलोटेपने पक्का चिकटवलेला.

“हा असा का?”

“एकटा खेळताना,” तो म्हणाला. “एक हातात धरतो, एक पायाच्या बोटांनी. दुसऱ्या डोंगरापर्यंत जाता येतं तसं. पुढे नाही.” त्याने सेलोटेप सोडवली आणि उशीवरचा रिमोट माझ्या हातात दिला. “हा घे. त्याचं बटण अडकतं, तो मी घेतो.”

पुढचे पंधरा दिवस मी जगले असं म्हणायला हरकत नाही. मी पिवळ्या टोपीवाली होते. त्या खेळात बोलल्याशिवाय चालायचंच नाही. “धर.” “धरलंय.” “ये आता.” “थांब, थांब, पाय नाही रोवला.” “आता?” “ये.” एवढेच शब्द, दुपारभर. तिसरा डोंगर चढलो, चौथा चढलो. मध्ये त्याची आई उठून आम्हाला तांदळाचे पापड तळून द्यायची आणि दरीकडे न बघता आत जायची. चढता चढता मी त्याला घरच्या गोष्टी सांगितल्या, खळीची, चमच्याची, पोच घेण्याची. पोच त्याला फार आवडली. “म्हणजे भांडायचं, पण पावती घ्यायची? भारी आहेत गं तुझे बाबा.” पापड मागताना तो आईला म्हणायचा, “आई, पोच दे!”

आणि एकदा, पाचव्या डोंगराच्या पायथ्याशी आगीजवळ दोघे टोपीवाले बसलेले असताना, त्याने टीव्हीखालच्या खणातून घडी केलेला कागद काढला. “हे वाचलेलंस तू? लिफ्टमधलं?”

“वाचलेलं.”

“कोणी लिहिलं असेल? अक्षर मोठ्या माणसाचं वाटतं ना? मी सगळ्यांना आठवून बघितलं. मी नाही हसलो गं कोणाला. कधी हसलो असेन ते आठवत बसतो.” मी पडद्याकडे बघत राहिले. “चल,” मी म्हणाले, “धर.” त्याने कागद खणात ठेवला आणि दोरी धरली.

दुसऱ्या दिवशी बाबा कामावरून आले, चप्पल काढली, हातपाय धुतले आणि खिशातून लिफ्टमधलं पत्रक काढून घड्या घालायच्या गठ्ठ्यावर ठेवलं. ते इतके दिवस आमच्या विंगच्या जिन्याने यायचे. त्या दिवशी गुडघा दुखत होता म्हणून लिफ्टने आले. कागद उलटा होता. खोकल्याच्या औषधाचं तिरकं, फिकट नाव. ते त्यांच्याच मशीनवर वाया गेलेलं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबा रागावतील म्हणून मी वाट बघत होते, पण त्यांनी चष्मा लावून पत्रक शांतपणे सगळं वाचलं, जसं ते वकिलांकडून आलेलं निवेदन वाचायचे.

“तू गेलेलीस त्याच्या घरी? हे लिहिण्याआधी?”

“नाही.”

“हं.” त्यांनी चष्मा काढला. “खाली नाव राहिलंय,” ते म्हणाले, आणि चमचा उचलून दुसऱ्या पत्रकाची घडी घालायला लागले.

सकाळी मी पेन घेऊन बाहेर पडले. बारापैकी तीनच उरली होती: दोन बी विंगच्या जिन्यात, एक पंपाच्या खोलीवर. प्रत्येकाखाली मी ‘एक हितचिंतक’ खोडून माझं पूर्ण नाव, आडनावासकट, माझ्या खऱ्या अक्षरात लिहिलं. पंपाच्या खोलीपाशी चिन्मय बॅट घेऊन उभा होता. त्याने वाचलं आणि म्हणाला, “च्यायला, तू?” त्याला थोडं कौतुकच वाटत होतं, आणि ते शिवीपेक्षा जास्त लागलं. मग मी पुन्हा बी विंगचा जिना चढले.

तेजसने दार उघडलं तेव्हा खेळ चालूच होता. “ये, लवकर, शेवटचा डोंगर.” मी बसले नाही. “खणातला कागद दे,” मी म्हणाले. त्याने दिला. मी तो टीव्हीवर ठेवून खाली सही केली, तारीखही घातली, बाबा घालतात तशी, आणि त्याच्या हातात परत दिला. त्याने बराच वेळ वाचलं. त्याला पाठ होतं ते सगळं, फक्त खालची ओळ नवीन होती.

“पण तेव्हा तू आलीच नव्हतीस,” तो म्हणाला.

“नव्हते.”

“मग तुला कसं माहीत, मी काय करतो ते?”

“नव्हतं माहीत. खोटं आहे ते.”

त्याचे कान लाल झाले. मला वाटलं ओरडेल. तो टीव्हीकडे वळला आणि म्हणाला, “सेव्ह करतो.” त्याने आमचा खेळ सेव्ह केला, डबा बंद केला, दोन्ही रिमोटच्या वायरी नीट गुंडाळल्या. एवढं सगळं करेपर्यंत मी उभी होते. मग मी घरी आले.

दोन दिवसांनी आमच्या दाराखालून तो कागद आत सरकला. माझ्या सहीखाली निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘मिळाले. तेजस.’ खाली तारीख. बाबांनी तो बघितला आणि पोचपावत्यांच्या फाइलमध्ये लावला. ती फाइल आता माझ्याकडे आहे. मी त्यानंतर बरीच पत्रकं लिहिली, काहींवर मोठमोठ्या साहेबांच्या सह्या आहेत, पण ती फाइल उघडली की हात आधी त्या कागदाकडे जातो. त्याने मला पुन्हा बोलावलं नाही. मीही गेले नाही. पोच मिळाली होती. ती म्हणजे काय आणि काय नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

परवा ऑफिसातली दोन तरुण मुलं नव्या डब्यांवरून भांडत होती. काळ्याचे आणि पांढऱ्याचे आता कितवे अवतार आले आहेत कोण जाणे. दोघं फोनवर काहीतरी चरचरीत लिहून टाकत होती, खोट्या नावांनी. मी म्हणाले, “खाली नाव लिहा.” त्यांना वाटलं मी विनोद केला.

त्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या दुपारी मी खिडकीत पोळी खात बसले होते. पोरं पुन्हा तेजसकडे जायला लागली होती, पण त्यांना फुटबॉल आणि गाड्याच आवडायच्या. दोरी त्यांच्या लेखी रटाळ होती. त्या दुपारी मात्र डक्टमधून डोंगराचं संगीत आलं. मग दोरी तुटली. पुन्हा संगीत, पुन्हा दोरी. किती वेळा ते मी मोजलं नाही. पोळी संपली, पानाला मुंग्या लागल्या. आणि मग बासरी जिथे नेहमी थांबायची तिथे थांबली नाही. ती वर वर जात राहिली, तिच्यात दुसरी बासरी मिसळली, आणि मी कधीच न ऐकलेली धून शेवटपर्यंत वाजली. तो माथ्यावर पोचला होता.

पिवळ्या टोपीवाली कोण होतं ते मला आजतागायत माहीत नाही. त्या दुपारी मी खिडकीत उभी राहून मनापासून इच्छा केली होती की दुसरा रिमोट लादीवर चिकटवलेला असू दे. आता वाटतं, कोणाच्यातरी हातात असावा.